घाणेवाडीच्या तळ्याला एक फेरा



कापसाच्या दोन वेचण्या उरकल्या आणि ज्वारी पोटरीला आली, की मधे एखादी सकाळ मोकळी सापडते. अशा सकाळी घरच्या मंडळींना घेऊन जालन्याजवळच्या घाणेवाडीच्या तळ्याला एक फेरा घाला. दमाने चालले तर म्हाताऱ्या माणसालाही झेपतो. भाकरी बांधून घ्या आणि पिण्याचे पाणीही घरूनच न्या. "तळ्यावर चाललो अन् पाणी घरून कशाला?" असे आमच्या सौभाग्यवती दरवेळी विचारतात. पण ते शहराच्या पिण्याचे पाणी आहे; त्यात हातपाय धुवायचे नाहीत, गुरे तर मुळीच घालायची नाहीत.

कुंडलिका नदीवरचे हे तळे निजामी अमदानीतले. जागा अशी हेरली, की पाणी आपल्या उतारानेच जालन्यापर्यंत जावे, मोटार-इंजिन लागू नये. पुढे त्याला संत गाडगेबाबा जलाशय असे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी घाणेवाडीच आहे.

फेरा पाळीपासून सुरू करावा. पाण्याकडे सगळेच पाहतात; तुम्ही पाळीची दुसरी बाजूही पाहा. मातीच्या पाळीवर गवत चांगले, झाड वाईट. बाभळीचे रोप दिसायला गोजिरे, पण पुढे तिचे मूळ कुजले की पाण्याला आयती वाट होते. उंदीर-खेकड्यांची बिळेही तशीच. पायथ्याला नितळ पाझर असेल तर नोंद ठेवावी. गढूळ पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी पाटबंधाऱ्याच्या माणसांना गाठावे, कारण पाण्याबरोबर पाळीची माती निघालेली असते. १९७२ च्या दुष्काळी कामांतून आपल्याकडे किती पाझर तलाव झाले! घाणेवाडीला शिकलेली नजर आपल्या गावच्या तलावावर टाकून पाहा. सांडव्यात कोणी दगड रचून पाणी अडवले असेल तर तेही काढायला लावा. चार दिवसांच्या जास्त पाण्यापायी पाळ गमवायची वेळ येते.

पाळ सोडून काठाकाठाने निघाले की पोरांची चंगळ. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पाण्यावर तरंगत असतो, लांब तांबड्या पायांचा शेकाट्या चिखल टोचत फिरतो. मात्र पोरांना ओल्या गाळात उतरू देऊ नका. वरून सुकलेला दिसतो, आत गुडघाभर पाय जातो.

हा गाळच मला दाखवायचा आहे. जिथे ओढे तळ्याला मिळतात तिथे थांबा आणि काठाची माती चिमटीत घ्या. ती वरच्या शेतांची साय आहे. ज्या रानात उताराला आडवी नांगरट नाही, बांध फुटलेले आहेत, तिथून ती इथे आली. २०१२-१३ च्या दुष्काळात या तळ्याचा तळ उघडा पडला. त्या काळात लोकवर्गणीतून गाळ काढला गेला आणि शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने वाहून नेला. पुढे २०१७ साली सरकारनेही गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली.

त्या घाईतली एक चूक माझीच. ओळखीच्या एका शेतकऱ्याने रस्त्यात विचारले, "साहेब, टाकू का गाळ?" मी मोटारसायकलवरूनच म्हणालो, "टाका, सोनं आहे." रान पाहिले नाही, माती तपासली नाही. त्यांचे रान आधीच काळे भारी, त्यावर चार बोटे गाळ चढला. पावसाळ्यात पाणी साचून राहिले, कापूस पिवळा पडला. दोन हंगाम हातचे गेले आणि ट्रॅक्टरवाल्याचे देणे अंगावर राहिले. पुढे चर काढून पाणी बाहेर घातले तेव्हा कुठे रान थोडे वळणावर आले. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, हे मला जास्त लागले.

म्हणून सांगतो, गाळ हलक्या, मुरमाड रानासाठी. आधी नमुना तपासून घ्या. खारवट किंवा चोपण निघाला तर हात लावू नका. हिशोबही घरी बसून करा. एका एकरावर एक इंच थर द्यायला सुमारे ३६ ब्रास गाळ लागतो, दोन इंचांना ७२. डिझेलच्या भावाने तो परवडतो का, हे घरातल्या बाईमाणसालाही विचारा. देणे फेडताना दागिना तिचाच मोडतो. उन्हाळ्यात पसरून वाळू द्या, ढेकळे फोडा, शेणखत मिसळा. आणि पाळीच्या पायथ्याजवळ कधी खणू नका, मुरूम उघडा पडेपर्यंतही नको. तळे गळायला लागेल.

वरची माती वरच थांबवायची असेल तर आपल्याच तालुक्यातले कडवंची पाहून या. तिथे पाणलोटाचे काम माथ्यापासून सुरू झाले. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

तिथून माळाच्या अंगाने वळून पुन्हा पाळीवर या आणि भाकरी सोडा. मागल्या रविवारी आम्ही बसलो होतो तर तेच शेतकरी नातवाला घेऊन आले. मुरमाडीचा एक तुकडा नव्याने घेतला आहे, त्यात गाळ टाकावा का, म्हणून विचारत होते. मी या वेळी हो-नाही काहीच म्हणालो नाही. मातीच्या नमुन्याच्या दोन पिशव्या दिल्या आहेत, एक रानासाठी, एक गाळासाठी.