अकरा आठवड्यांचा नाताळ

दर वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाच्या निमित्ताने आपल्या साथींच्या सभा होतात आणि त्या सभांतून अलीकडे एक तक्रार हमखास कानी येते. ज्या गोव्यासाठी डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली, ज्याच्यासाठी १९५५ साली महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्द ओलांडून गेल्या, मधु लिमये यांच्यासारख्यांनी पोर्तुगीज तुरुंग भोगला, त्याच गोव्याची तरुण पिढी पोर्तुगालचे नागरिकत्व घेऊन विलायतेला जाते, ही त्या लढ्याशी प्रतारणा होय, असा तिचा आशय. मीही एके काळी या सुरात सूर मिसळला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील स्विंडन या गावी एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात तीन आठवडे राहिल्यानंतर तो मला सोडावा लागला.

त्या घरची गृहिणी ही मडगावच्या महाविद्यालयातील माझी जुनी विद्यार्थिनी, अर्थशास्त्राची पदवीधर. तिचे यजमान कुडचड्याच्या बाजूला एका खाणमालकाच्या वजनकाट्यावर कारकून होते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. बेकायदा उत्खननाने डोंगर आणि शेते यांची जी दशा केली होती ती पाहता खाणी थांबवणे योग्यच होते, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु खाणमालकांनी पूर्वीच्या दहा वर्षांत मिळवलेले त्यांच्यापाशीच राहिले आणि काट्यावरचा कारकून, ट्रकचा चालक, बार्जवरचा खलाशी हे एका महिन्यात रिकामे झाले. आपण पर्यावरणाची बाजू घेतली, कामगाराची घ्यायला विसरलो. २०१३ च्या अखेरीस हे कुटुंब निघाले.

निघण्याचा मार्ग पोर्तुगालच्या कायद्याने खुला ठेवला होता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती, तिची मुले आणि नातवंडे यांना त्या देशाचे नागरिकत्व मागता येते. प्रथम आजोबांचा जन्म लिस्बनच्या दप्तरी नोंदवायचा, मग वडिलांचा, मग आपला. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. म्हणजे तो पासपोर्ट घेतला की हा परत करणे आले. पोर्तुगाल युरोपीय संघात आणि ब्रिटनही त्या वेळी संघात, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये रोजगार करता येई. आमच्या सभांतून ज्याला प्रतारणा म्हणतात ती प्रत्यक्षात अशी दप्तरी प्रक्रिया आहे. त्या लोकांना पोर्तुगालशी काही घेणेदेणे नसते. माझ्या विद्यार्थिनीला पोर्तुगीज भाषेतले धड एक वाक्य येत नाही.

स्विंडन हे गाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना येथे १८४३ साली सुरू झाला. त्याच्या कामगारांनी १८४७ मध्ये पगारातून वर्गणी कापून घेऊन स्वतःचा वैद्यकीय निधी उभारला. डॉक्टर, औषधे, पुढे इस्पितळ, स्नानगृहे हे सारे त्या निधीतून झाले. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन करताना अन्युरिन बेवन यांच्यासमोर हा नमुना होता, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. १९८६ मध्ये कारखाना बंद पडला. १९९७ पासून त्याच्या दगडी इमारतींत नामांकित कंपन्यांचा माल विकणारी दुकाने थाटलेली आहेत. जेथे इंजिने घडत तेथे डिसेंबरात दिव्यांच्या माळा लागतात आणि माणसे पिशव्या भरभरून बाहेर पडतात. होंडाचा मोटारींचा कारखानाही जुलै २०२१ मध्ये बंद झाला. आता गावाबाहेर लांबच लांब गोदामे दिसतात.

डिसेंबरात तेथे सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि दुपारी चारच्या सुमारास अंधारते. या घराचे यजमान संध्याकाळी सहाला गोदामात जात, पहाटे परतत. सूर्य त्यांना सुटीच्या दिवशीच भेटत असे. गृहिणी एका वृद्धाश्रमात परिचारिकेच्या हाताखाली काम करते. म्हाताऱ्यांना उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे हे ते काम. तिची पाळी सकाळी सातची. म्हणजे पहाटे दारात नवराबायकोची गाठ पडायची, ती मुलांच्या डब्याविषयी दोन शब्द बोलण्यापुरती. घराच्या वरच्या दोन खोल्या त्यांनी चार गोमंतकीय तरुणांना भाड्याने दिलेल्या, कारण त्यावाचून घरभाडे भागत नाही. स्वयंपाकघर एक आणि माणसे आठ, मी नववा. शेगडी कोणी केव्हा वापरायची याचा तक्ता शीतकपाटावर चिकटवलेला होता.

नाताळच्या फराळाचा विषय मी एकदा काढला. सासष्टीत डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की घरोघर नेवऱ्या तळल्या जातात, दोदोलाची कढई चढते, शेजाऱ्यांकडे ताटे जातात; मडगावच्या वास्तव्यात त्या ताटांवर माझाही हक्क असे. ती म्हणाली, "सर, नेवऱ्या करीन मी रविवारी. पण दोदोलाला तीन-चार तास ढवळायला माणसं लागतात, आणि आमच्या घरात दोन माणसं एका वेळी जागी नसतात." त्या वर्षीचे दोदोल तिच्या आईने गोव्याहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवले. आई तिकडे एकटी असते. तिच्या वाड्यावरच्या कित्येक घरांना कुलपे आहेत, असे तिने फोनवर मला सांगितले. गोठा यंदा वाड्यात कोणी मांडायचा हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

मुलांची गोष्ट निराळी. ती कोंकणी समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. शाळेत एका दिवशी नाताळचा स्वेटर घालून जायचे, दुसऱ्या दिवशी शिक्षकांसाठी भेटवस्तू न्यायची, तिसऱ्या दिवशी नाटुकले. प्रत्येक गोष्टीला चार-सहा पौंड. एप्रिल २०२४ पासून प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होते. तेव्हा एक स्वेटर म्हणजे गोदामातला सुमारे अर्धा तास, हा हिशेब त्या मुलीने, वय वर्षे अकरा, स्वतःच मला करून दाखवला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला तो ऐकून आनंद व्हायला हवा होता.

आता खरा हिशेब. यजमान गोदामाचे नोकर नव्हते. कामगार पुरवणाऱ्या एका एजन्सीचे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस सवलतीचा शुक्रवार येतो आणि तेथून नाताळपर्यंत गोदामे रात्रंदिवस धावतात. मनगटावरच्या यंत्रात दर तासाला किती वस्तू उचलल्या याची नोंद होते, आणि उद्याची पाळी आहे की रद्द झाली हे आदल्या रात्री भ्रमणध्वनीवरच्या संदेशाने कळते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून असा नियम लागू आहे की, एजन्सीचा कामगार एका ठिकाणी त्याच कामावर बारा आठवडे राहिला की त्याला त्या जागेच्या कायम कामगाराइतके मूळ वेतन द्यावे लागते. सहा आठवड्यांहून अधिक खंड पडला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. यजमानांना कामावर घेतले ते सोमवार, ७ ऑक्टोबरला. शेवटची पाळी झाली रविवार, २२ डिसेंबरला. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. अकरा आठवडे पुरे होतात, बारावा लागत नाही.

आपल्या कामगार कार्यकर्त्यांना यात नवल वाटू नये. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील २४० दिवसांच्या अटीने आपल्याकडे 'ब्रेक' देण्याची जी कला जन्माला घातली तिचीच ही विलायती आवृत्ती आहे. दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी ज्याला घरी बसवले असा एक तरी कामगार आपण प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्याच्यासाठी आपण दारांवर सभा घेतल्या, न्यायालयात गेलो. तोच मनुष्य पासपोर्टचा रंग बदलून समोर येतो तेव्हा मात्र आपण त्याला त्याच्या निष्ठेविषयी प्रश्न विचारतो.

संघटनेविषयीही मी यजमानांना विचारले. ते म्हणाले, कोव्हेंट्रीचे ठाऊक आहे. कोव्हेंट्रीतील ॲमेझॉनच्या गोदामात जानेवारी २०२३ मध्ये कामगारांनी संप केला. त्या कंपनीच्या ब्रिटनमधील इतिहासातला तो पहिला रीतसर संप. जुलै २०२४ मध्ये जीएमबी या संघटनेच्या मान्यतेसाठी मतदान झाले, तेव्हा बाजूने ४९.५ टक्के मते पडली. थोडक्यात हुकले. पण तेथे निदान मतदानाला स्थिर असा कामगारवर्ग होता. अकरा आठवडे राहणाऱ्या माणसाने सभासद व्हावे कोठे आणि त्याला शोधावे कोणी? यावर माझ्यापाशी तयार उत्तर नाही. एक मात्र दिसले. रविवारच्या कोंकणी मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात शे-दीडशे कामगार चहाला थांबतात, त्यात चार-पाच गोदामांतले लोक असतात आणि कोणत्या एजन्सीने किती कापले याची चर्चा तेथेच होते. पक्षाच्या गोव्यातील शाखेने या मंडळींना मुक्तिदिनाच्या भाषणातून झोडपण्याऐवजी त्यांच्याशी पत्रव्यवहार का सुरू करू नये? तिकडच्या संघटनांना कोंकणी जाणणारा माणूस हवा आहे. तो आपण सुचवू शकतो.

शिवाय तो मार्गही आता बंदच झाला आहे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला, संक्रमणकाळ त्या वर्षाअखेर संपला, आणि आधीपासून राहणाऱ्यांना हक्क नोंदवण्याची मुदत ३० जून २०२१ ला संपली. गृहिणीच्या धाकट्या भावाचा पोर्तुगीज पासपोर्ट त्यानंतर हाती आला. तो भारताचा नागरिक राहिला नाही आणि ब्रिटनमध्ये त्याला रोजगाराचा हक्क नाही. लिस्बनमध्ये एका उपाहारगृहात भांडी धुतो.

२४ डिसेंबरच्या रात्री गृहिणीची वृद्धाश्रमात पाळी होती. म्हाताऱ्यांना नाताळची सुटी नसते. मध्यरात्रीच्या मिस्सेला मुलांना घेऊन यजमान गेले, मीही गेलो. किती तरी दिवसांनी त्यांची रात्रीची झोप झाली होती आणि ते ताजेतवाने दिसत होते. मुले त्यामुळे खूश होती. सकाळी ती परतल्यावर आईने पाठवलेले दोदोल कापले, वरच्या चौघांनाही खाली बोलावले.

फेब्रुवारीत तिचे पत्र आले. सात आठवड्यांच्या खंडानंतर, १० तारखेपासून, एजन्सीने यजमानांना परत बोलावले होते. तेच गोदाम, तीच संध्याकाळी सहाची पाळी. मोजणी पहिल्या आठवड्यापासून.