लेखी संमतीचा बनाव

मंगळवारी, २ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, मुंबईत आझाद मैदानातले उपोषण सुटले आणि नांदेड-लातूरच्या गावागावांत गुलाल उधळला गेला. दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. गुलालाच्या धुरळ्यात तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आंदोलनासाठी मुंबईला गेलेल्या पोरांपैकी किती जण उद्या नांदेड-पनवेल गाडीने चाकण, रांजणगावला परतून त्याच शिफ्टला उभे राहणार आहेत, हे मंत्रिमंडळाला ठाऊक नसेल असे नाही.

सरकार म्हणते, घाबरू नका. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे आणि कामगाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याला राबवता येणार नाही. यातल्या तिसऱ्या आश्वासनाइतका निर्लज्ज विनोद अलीकडे ऐकलेला नाही. नाही म्हणण्याची सोय असेल तरच होकाराला अर्थ. लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये किंवा नांदेडजवळच्या कृष्णूरच्या शेडमध्ये कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेला पोरगा कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? त्याच्याकडे नेमणुकीचे पत्र नाही. काही महिने भरले की त्याला ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा घ्यायचे की नाही हे सुपरवायझर ठरवतो. त्याच सुपरवायझरने पुढे केलेल्या छापील कागदावर तो सही करणार नाही, असे मानायला मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरच बसलेले असावे लागते. भरतीच्या दिवशी फोटो आणि आधारच्या झेरॉक्ससोबत आणखी एक कागद वाढेल. झाली संमती!

संमती कशी घडवली जाते यावर मायकेल बुरावॉय या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली अख्खे पुस्तक लिहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. शिकागोच्या इंजिन कारखान्यात ते स्वतः मशीन चालवत होते. मालकाने चाबूक न उगारताही माणसे इतकी का राबतात, हा त्यांचा प्रश्न होता. कोटा गाठण्याचा कामगारांनी आपसातच खेळ केला होता आणि खेळात उतरलेला माणूस खेळाच्या नियमांवर बोट ठेवत नाही, हे त्यांना मशीनवर उभे राहून दिसले. आपल्याकडे या खेळाचे नाव ‘टार्गेट’. मायक्रोफायनान्सचा वसुली करणारा पोरगा, खासगी रुग्णालयातली सिस्टर, विम्याचा एजंट, सगळे तो खेळतात. महिन्याच्या मीटिंगमध्ये टाळ्या वाजतात, ‘आपण एक फॅमिली आहोत’ असे साहेब सांगतात. कुटुंबात ओव्हरटाइम मागायचा नसतो, हा त्यातला खरा संदेश. पण बुरावॉय यांच्या कारखान्यात संघटना होती आणि तक्रार मांडायची रीत होती. आपल्या कंत्राटी शेडमध्ये यातले काही नाही, त्यामुळे इथे संमती घडवण्याचेही कष्ट कोणी घेत नाही. ती गृहीतच धरली जाते.

माणूस कशाने मन लावून काम करतो, याचा शोधही जुनाच आहे. हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२० च्या दशकात प्रयोग झाले, तेव्हा मधे मधे विश्रांती दिलेल्या मुलींच्या हातून जास्त माल निघाला. आमच्या सरकारने काय केले? सलग पाच तासांनंतर मिळणारी सुट्टी सहा तासांवर ढकलली. वर गुंतवणूक येईल म्हणून सांगितले. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले. ‘वंदे भारत’ गाड्यांच्या उत्पादनाची वाट जिल्हा २०२५ मध्येही पाहतच होता. नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या राज्यात उभी राहिली आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात जाऊन बंद पडली. यातले काहीही कामगार आठ तासांनी घरी जात होता म्हणून घडलेले नाही.

त्याच निर्णयातला दुकानांबाबतचा बदल तर आणखी बोलका आहे. तिथे मर्यादा ९ वरून १० तासांवर गेली, आणि २० पेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांना आता नोंदणीही नको, नुसती सूचना दिली की काम भागते. लातूरच्या गंजगोलाईतल्या आणि नांदेडच्या वजिराबादेतल्या किती दुकानांत २० माणसे असतात? सकाळी शटर उघडणारा आणि रात्री ओढणारा नोकर एकच असतो, आणि आता तो सरकारच्या वहीतूनही गेला.

नारायण मूर्तींना ७० तास हवे आहेत, ‘एल अँड टी’च्या अध्यक्षांना ९० तास आणि वर रविवारही. ज्यांच्या घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचे औषधपाणी दुसरेच कोणी सांभाळते, त्यांना तास मोजायचे कारण नसते. याच राज्यात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली जे विधेयक मांडले, त्यातून आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. त्या दोघांच्या जयंतीला हार घालणारेच आज घड्याळाचे काटे उलटे फिरवत आहेत.

इतर राज्यांनीही असेच केले, असा दाखला सरकार देते आणि त्या यादीत तमिळनाडूचेही नाव घेते. तमिळनाडूने २०२३ च्या एप्रिलमध्ये १२ तासांचे विधेयक मंजूर केले, मित्रपक्षांसह सगळ्या संघटना उठल्या, आणि मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ते १ मे रोजी मागे घेतल्याचे जाहीर केले. दाखला पुरा तरी वाचावा.

कारखाने कायदा केंद्राचा होता, म्हणून राज्याच्या या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती लागणार होती. राष्ट्रपती नाही म्हणू शकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशी गेटवर कोणी अडवत नाही. नांदेडचे ९ आणि लातूरचे ६ मिळून १५ आमदार विधानसभेत बसतात. त्यांच्यातल्या एकाने तरी तिथे उभे राहून विचारावे: सही नाकारणाऱ्या कामगाराला कामावरून काढले, तर मालकाला शिक्षा काय आणि कंत्राटदाराला काय? तसे कलम मसुद्यात असेल तर ते वाचून दाखवा. नसेल, तर ‘लेखी संमती’ हे शब्द खोडा आणि १२ तासांची सक्ती आहे असे सरळ लिहा.