कबुली दिली म्हणून अपील संपत नाही



कोर्टाच्या व्हरांड्यात एकच सल्ला कानावर पडतो : “कबूल करून टाक, दंड भर, पेश्यांची कटकट संपेल.” धारच्या कुक्षी-मनावरकडच्या फाल्यातून (पाड्यातून) येणाऱ्या भिल्ल-भिलाला माणसाची दर पेशीला एक दिवसाची मजुरी बुडते. त्याला हा सल्ला पटतोच. देवासच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या आपल्या मराठी पोरालाही पटतो. पण कबुलीवर झालेली शिक्षा ही पुरती शिक्षाच असते. “दंड भरून सुटलो” असं घरी सांगता येतं. नोकरीच्या पोलीस पडताळणीत मात्र ती दोषसिद्धी म्हणूनच पुढे येते.

मग तोच सल्लागार म्हणतो, “कबूल केलंस ना? आता अपील नाही.” हे अर्धसत्य आहे, आणि या अर्धसत्याने माणसं तुरुंगात सडतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७५) वाचा. मॅजिस्ट्रेट किंवा सत्र न्यायालयाने कबुलीवर शिक्षा दिली, तर गुन्हा घडला की नाही यावर अपील चालत नाही. शिक्षा जास्त झाली का, ती कायद्यात बसते का, यावर चालतं. शिवाय आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात वरचं न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. भीती कसली?

आणि कबुली खरी होती का, हेही विचारा. समन्स खटल्यात ती शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी, असं त्याच संहितेचं कलम २७५ सांगतं. आरोप न समजावता छापील कागदावर अंगठा घेतला असेल, तर त्या कबुलीलाच रिव्हिजनमध्ये (फेरतपासणी अर्जात), गरज पडल्यास मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढेही, आव्हान देता येतं. हलक्या शिक्षेचं आश्वासन देऊन कबुली घ्यायची आणि मग वरच्या कोर्टात शिक्षा वाढवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने थिप्पास्वामी खटल्यात घटनेच्या कलम २१ विरुद्ध ठरवलं आहे.

‘प्ली बार्गेनिंग’च्या, म्हणजे तडजोड करून गुन्हा कबूल करण्याच्या, अर्जावर मात्र सही करण्याआधी दहादा विचार करा. त्या निकालावर साधं अपीलच नाही. उरतात फक्त उच्च न्यायालयातली रिट आणि सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी.

आमची मागणी साधी आहे. कबुली विचारण्याआधी प्रत्येक आरोपीला वकील मिळावा, आणि कबुलीचा परिणाम त्याला भिली, निमाडी, माळवी, मराठी, जी त्याची बोली असेल तिच्यात सांगितला जावा. गरिबाला अपिलासाठी मोफत वकील आणि निकालाची मोफत प्रत हा त्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच होसकोट विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात म्हटलं.

घरात कुणी कबुलीवर शिक्षा भोगत असेल, तर आजच निकालाची प्रत मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जमातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीतल्या कुणालाही तिथे मोफत वकील मिळतो. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. ती उलटली असेल, तर उशिराचं खरं कारण लिहून विलंब-माफीचा अर्ज सोबत जोडा.