कानाचंही माप असतं!

ब्लाऊजच्या बाबतीत आपण कुणाचं ऐकून घेत नाही. काखेत अर्धा इंच घट्ट झाला की दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंच्या दारात हजर. 'जरा उसवून द्या हो, हात वर होत नाही.' बांगड्यांचंही तेच. कासाराला नुसता हात बघून कळतं की हिला दोन-चार लागतील की दोन-सहा. चष्मा नाकावर घसरला तर दुकानदाराला चार शब्द सुनावतो. कवळी टोचली तर दाताच्या डॉक्टरांकडे तीन फेऱ्या मारतो. आणि कान? खोक्यात जी रबरी टोपी आली ती मुकाट्याने कानात कोंबतो. दुखलं तर म्हणतो, आपलाच कान वाईट.

हे मला सुचलं ते आमच्या सासूबाईंमुळे. त्या ७६ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना ऐकायचं यंत्र घेतलं, कानामागे बसणारं, अठरा हजारांचं. त्याच्या नळीच्या टोकाला छत्रीसारखी मऊ रबरी टोपी होती. 'सगळ्यांना हीच बसते,' असं विकणाऱ्याने सांगितलं. आम्ही मान डोलावली आणि पेढे घेऊन घरी आलो.

चारच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. घास चावला की यंत्र शिट्टी मारायचं. डोक्यावर पदर घेतला की शिट्टी. कुशीवर झालं की शिट्टी. नातवंडं हसायची, 'आजीचा कुकर झाला!' एकदा देवळात प्रवचन चालू असताना ते असं काही वाजलं की पुढच्या ओळीतल्या बायका मागे वळून बघायला लागल्या. त्या दिवशी घरी येऊन सासूबाईंनी यंत्र डबीत घातलं आणि डबी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली. पुढचे आठ महिने ती तिथेच होती.

घराने निकाल देऊन टाकला. 'अठरा हजार पाण्यात. म्हाताऱ्या माणसांना सवयच होत नाही.' खरं सांगते, निकाल देणाऱ्यांत मीही होते. त्यांनी भजनी मंडळात जाणं सोडलं. जेवताना सगळे हसले की त्याही हसायच्या, पण अर्धा क्षण उशिरा. बाई ऐकू येत नसताना हसते, तेव्हा ती आपली लाज राखत असते. मला हे दिसत होतं आणि मी मात्र त्यांच्याशी अधिकाधिक मोठ्याने, अधिकाधिक थोडं बोलत होते.

शेवटी शेजारच्या बाईंच्या आग्रहावरून तासगावहून मिरजेला गेलो. मोठ्या जावेचा मुलगा गाडी घेऊन आला होता. तो ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "साचा कुठाय?"

"कसला साचा?" मी.

"कानाचा. यंत्राची ताकद एवढी आणि तोंडाला ही टोपी! आवाज बाहेर गळतो, परत यंत्राच्या माइकात शिरतो, म्हणून शिट्टी. आजींचं काही चुकलेलं नाही."

हे शेवटचं वाक्य मी सासूबाईंच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

मग माप घेतलं. मापाची टेप नाही की काही नाही. मॅडमनी आधी बॅटरीने कानात मळ आहे का, पडद्याला भोक आहे का ते पाहिलं. मग दोरा बांधलेला स्पंजचा बारीक बोळा आत सरकवला, म्हणजे पुढचा मसाला पडद्यापर्यंत जाऊ नये. दोन रंगांचं सिलिकॉन कणकेसारखं मळलं, पिचकारीत भरलं आणि कानात सोडलं. 'आजी, तोंड उघडा, मिटा, चावल्यासारखं करा.' कारण कानाची बाहेरची वाट कूर्चेची असते आणि जबडा हलला की तिचा आकारही हलतो. पाचेक मिनिटांत ते घट्ट झालं आणि अलगद बाहेर काढलं. हातात आला तो सासूबाईंच्या कानाचा आतला नकाशा. आपल्याला वाटतं कान म्हणजे सरळ भोक. कसलं सरळ! अडीच सेंटिमीटरची वाट, तीही दोन वळणांची. उजवा कान डाव्यासारखा नसतो, मग एकीचा दुसरीसारखा कसा असेल? त्यातून बायकांच्या कानाची वाट सरासरीने पुरुषांपेक्षा लहान. दुकानातली टोपी आपल्याला टोचते ती काही नाजूकपणाचं नाटक म्हणून नाही.

आमचा पुतण्या ते बघून उडालाच. "काकू, स्टेजवरचे गायक कानात घालतात ते असंच बनवतात! माझ्या बॅन्डमधल्या एकाने चाळीस हजारांचे केलेत."

मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, ही विद्या श्रवणयंत्रांचीच, ती पुढे गाण्याबजावण्यात गेली. घरी येऊन मी वाचलं. अमेरिकेतल्या 'व्हॅन हेलन' या बँडचा ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी याने १९९५ मध्ये त्यांचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी कानाच्या मापाचे इअरफोन बनवले. ड्रमच्या गडगडाटात त्याला बाकीची वाद्यं ऐकू येईनात. कान बाहेरून नीट बंद झाला की आतला आवाज कमी ठेवूनही सगळं स्पष्ट ऐकू येतं, एवढं साधं तत्त्व. आज टीव्हीवर गायकांच्या कानात जे चकचकीत खडे दिसतात ते हेच.

परतताना गाडीत पुतण्याने विषय काढलाच, 'मीही करू का?' माझं मत मी त्याला दिलं, तेच इथे देते. ज्याचं पोट कानावर आहे, जो रोज चार तास स्टेजवर आवाजाच्या भिंतीसमोर उभा राहतो, त्याने जरूर करावेत; पण स्वतःच्या कमाईतून. बसमध्ये गाणी ऐकायला चाळीस हजार? अजिबात नको. साध्या इअरफोनबरोबर लहान-मोठ्या तीन टोप्या येतात, त्यातली सगळ्यात लहान लावून बघा. आपण निम्म्या जणी ती पिशवी उघडतच नाही. आणि आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकाप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास ऐकणं ही मर्यादा आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढवला की ती वेळ थेट निम्मी होते. गच्च बसणारी वस्तू घालून रस्त्याने चालायचं नाही, हे तर सांगायलाच नको. मागून येणारा डंपर कुणाची वाट बघत नाही.

श्रवणयंत्राचा साचा मात्र चैनीत मोजू नका. आम्हाला एका कानाचे नऊशे रुपये पडले. अठरा हजारांचं यंत्र नऊशे रुपयांवाचून आठ महिने फळीवर पडून होतं! प्रत्येकालाच साचा लागतो असं नाही. ऐकू येणं थोडंच कमी असेल तर टोपीवरही भागतं. पण यंत्र शिट्टी मारत असेल, निसटत असेल, कान दुखत असेल तर आजीवर चिडण्याआधी 'साचा करायचा का?' एवढं विचारा. कान वाहत असेल तर आधी डॉक्टर, माप नंतर. लहान मुलांचा कान वाढतो, त्यांचा साचा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, तान्ह्यांचा तर काही महिन्यांतच. मोठ्या माणसाचंही वजन खूप उतरलं की साचा सैल होतो. सरकारी मदत मिळते का तेही बघा. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या माणसांना अशा साधनांसाठी ३००० रुपये द्यायचं ठरलं आणि यादीत श्रवणयंत्रही होतं. तहसील कचेरीत एक चक्कर मारायला काय हरकत आहे?

साचा आला म्हणजे लगेच सगळं गोड झालं, असं मुळीच नाही. पहिल्या दिवशी सासूबाई वैतागल्या. 'माझाच आवाज माठात बोलल्यागत येतोय.' मी मनात म्हटलं, झालं, हाही डबीत जाणार. पण या वेळी मी निकाल दिला नाही, मॅडमना फोन केला. कान पूर्ण बंद झाला की असं होतं म्हणाल्या. पुन्हा मिरज. साच्याला एक बारीक भोक पाडून दिलं, वारा जायला. परत येताना मात्र गाडीत सासूबाई आपणहून बोलत होत्या.

आता रोज रात्री त्या साचा यंत्रापासून सोडवतात, तोच तेवढा कोमट पाण्यात साबणाने धुतात, नळीत फुंकर मारून पाणी काढतात आणि वाळत ठेवतात. यंत्राला पाणी लागू देत नाहीत. नळी पिवळी, कडक झाली की बदलायची हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पदर डोक्यावर घेतात, शिट्टी नाही.

परवा मी सवयीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "आईऽऽ, जेवायला या!"

"एवढी ओरडतेस कशाला गं? आणि कुकरच्या चार झाल्या, मी मोजल्यात. गॅस बंद कर आधी."

दुसऱ्या कानाचं माप दिवाळीनंतर द्यायचं ठरलंय. भिशीचे पैसे त्यासाठी त्यांनी आधीच बाजूला काढलेत.