मीम ‘बनवाबनवी’चं, पण ओळी कुणाच्या?

‘धनंजय माने’ हे नाव वाचताच तुमच्या कानात एक प्रश्न वाजला असेल. सत्तर रुपयांचं ते मीमही तुमच्या व्हॉट्सॲपवर कधीतरी येऊन गेलं असेल. त्यावर चेहरे असतात अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांचे. ओळी लिहिणाऱ्याचं नाव नसतं. ते नाव आहे वसंत सबनीस.

कोण होते सबनीस?

‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांचं लोकनाट्य १९६५ मध्ये रंगमंचावर आलं. बाज तमाशाचा, पण राजा, कोतवाल आणि हवालदाराच्या आडून चिमटे आजच्या कारभाराला. त्यातले हवालदार म्हणजे दादा कोंडके. १९७१ चा दादांचा ‘सोंगाड्या’ही सबनीसांच्याच लेखणीतला. १९८८ मध्ये आला ‘अशी ही बनवाबनवी’.

मग श्रेय हुकतं कुठे?

वगात नट ऐनवेळी भर घालतो. दादा तर त्यात पटाईत. त्यामुळे सगळंच नटाचं वाटतं. ‘बनवाबनवी’ची गोष्ट वेगळी. तिचं कथासूत्र हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून आलेलं. कथा उसनी, मग लेखकाचं काय, असा प्रश्न पडू शकतो. पण भाड्याच्या खोलीसाठी मित्रांनी बायकांचं सोंग घेणं दोन्हीकडे आहे. मराठी माणसाच्या तोंडी बसले ते सबनीसांचे संवाद.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. लेखकाने चित्रपटासाठी हक्क विकले, तरी थिएटरबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा त्याचा हक्क राहतो. टीव्ही, ओटीटी यातच आलं. ‘बनवाबनवी’ त्याआधी २४ वर्षांची.

आमचं म्हणणं

पैशांसाठी कायदा लागतो, नाव द्यायला लागत नाही. चॅनेलच्या पट्टीवर, ओटीटीच्या माहितीत, पोस्टरवर लेखकाला एक ओळ मिळायलाच हवी. यात आम्हीही आलो. ‘बनवाबनवी’च्या बातमीत कलाकारांची यादी देताना डिजिटल डेस्कवर लेखकच आधी गळतो. आज कुणी नवा मुलगा किंवा मुलगी एकांकिकेसाठी विनोद लिहीत असेल, तर आपलं नाव टिकेल एवढी खात्री तरी त्यांना मिळावी.

सुरुवात सोपी आहे. पुढचं मीम पाठवताना खाली दोन शब्द लिहा: वसंत सबनीस.