शेगडीमागची भिंत



भीमजयंती जवळ आली की वस्तीत चुन्याचे डबे आणि कुंचे बाहेर निघतात. दर्शनी भिंत उजळते, दाराची चौकट रंगते. राहून जाते ती शेगडीमागची भिंत. पाहुणा तिथवर जात नाही, म्हणून ती काळीच राहते. आमच्या श्रीरामपूरच्या खोलीतही तसेच होते.

गावी मातीचे घर होते तेव्हा आई चुलीमागची भिंत पांढऱ्या मातीने पोतारून घ्यायची. विटांची भिंत आणि ऑइलपेंट आला, तशी ती रीत गेली. मग आम्ही जुन्या कॅलेंडरचे कागद खळीने चिकटवू लागलो. पुढे बाजारातून चिकट पाठीचा चंदेरी कागद आणला. आठव्या दिवशी फोडणीच्या वाफेने त्याचे टोक सुटले आणि ज्योतीवर वाकले. सूनबाई जवळच होती. तिने झटकन शेगडी बंद केली आणि ओले फडके दाबले. हाताला फोड आला, तेवढ्यावर निभावले. चूक आमचीच. काजळी न काढता आम्ही वर कागद लावला होता. तो भिंतीला चिकटलाच नव्हता, तेलाला चिकटला होता.

म्हणून हे काम कसे करावे ते सांगतो. आधी रेग्युलेटर बंद करून शेगडी व नळी बाजूला घ्या. खळीचा कागद असेल तर कोमट पाण्याचे फडके फिरवून पाव तास थांबा, मग पत्र्याच्या पट्टीने तो सहज निघतो. चिकट पाठीचा असेल तर कोपऱ्यातून हळू ओढा. मागे राहिलेला चिकटा गोडेतेल चोळून सैल करावा आणि साबणाने धुवावा. काजळीसाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाला, पण हातात मोजे हवेत. नंतर स्वच्छ पाण्याने पुसून भिंत दोन दिवस वाळू द्या.

ऑइलपेंट जुना असेल तर मात्र जपा. पूर्वीच्या कित्येक रंगांत शिसे असायचे. सरकारने 2016 साली नियम केला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त शिसे चालत नाही. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर धूळ भांड्यांवर बसते, रांगत्या पोराच्या बोटांवाटे पोटात जाते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. तेव्हा रंग ओला करूनच खरवडा, तोंडाला मास्क लावा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. लेकरे आणि गरोदर बाई त्या दिवशी शेजारी राहू द्या.

आपल्यातले कितीतरी भाऊ पेंटरकाम करून घर चालवतात. दिवसभर पॉलिश पेपर मारून त्याच हाताने भाकरी खाऊ नका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका.

पुन्हा कागदच लावायचा असेल तर आधी दोन परीक्षा घ्या. भिंतीवर चिकटपट्टी दाबून ओढा. तिला पांढरी भुकटी लागली तर तिथे कागद टिकणार नाही. मग कागदाचा चिमूटभर तुकडा बाहेर अंगणात चिमट्यात धरून काडी लावा. तो वितळला किंवा पेटला तर शेगडीजवळ नको. खळीत काही जण किडीसाठी मोरचूद घालतात. ते विष आहे, स्वयंपाकघरात मुळीच नको. गॅसची नळीही कागदाखाली झाकू नका. ती दिसती राहावी आणि दर 5 वर्षांनी बदलावी.

आमचे मत विचाराल तर आम्ही कागदाचा नाद सोडला आहे. शेगडीमागे शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवून घेतला. तो पुसता येतो, पेटत नाही.

यंदा रंगकामाची सुरुवात तिथूनच करा. आणि ते काम एकट्या बाईवर टाकू नका. तिथे उभे राहून ती सगळ्यांसाठी रांधते.