वाळूतली गाडी डांबरी रस्त्यावर नको

सुट्टीत नागाव, काशीदला जाऊन आलेल्या मुलांना विचारा, काय आवडलं? समुद्राच्या आधी 'क्वाड बाईक'चं नाव येतं. जाड टायरांची ती चारचाकी, म्हणजेच एटीव्ही. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, ही गाडी रस्त्यावर का नाही चालवायची?"

प्रश्न चांगला आहे. अमेरिकेत काही राज्यांनी अशा गाड्यांना गावातल्या रस्त्यांवर परवानगी दिलीही आहे. पण तिथलाच ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो, पक्क्या रस्त्यावर ही गाडी चालवू नका. मलाही तेच योग्य वाटतं, आणि त्याचं कारण आपल्या गणित-विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

फळ्यावर एक वळण काढा. आतलं चाक 5 मीटर त्रिज्येवर, बाहेरचं 6 मीटरवर. पाव वर्तुळात बाहेरच्या चाकाला सुमारे दीड मीटर जास्त धावावं लागतं. मोटारीत डिफरन्शियल असतं, त्यामुळे दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात. बऱ्याच एटीव्हींची मागची चाकं मात्र एकाच आसाला घट्ट जोडलेली असतात. वाळूत चाक घसरतं आणि भागून जातं. डांबरावर घर्षण जास्त, चाक घसरत नाही, गाडी नीट वळत नाही. त्यात गुरुत्वमध्य उंच आणि रुंदी कमी. वेगात वळवली की उलटलीच समजा!

काही जण म्हणतील, पर्यटनावर गावाची पोटं चालतात. खरं आहे. म्हणून धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. आखून दिलेली जागा, हेल्मेट, सोबत जाणकार माणूस, आणि रस्ता ओलांडायचा तर गाडी टेम्पोत घालून न्यावी. एवढं जमण्यासारखं आहे.

पालकहो, "दोनच मिनिटं चालवू दे" म्हणण्याआधी कायदा लक्षात घ्या. सार्वजनिक रस्त्यावर नोंदणी नसलेली गाडी चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

शिक्षक मित्रांनो, नुसतं "नको" सांगितलं तर मुलं ऐकत नाहीत. वळणाचं गणित त्यांनाच सोडवू द्या. उत्तर स्वतः काढलं की ते पटतं.